लोखंडाचा विटाळ

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. गेल्या नवरात्रात सोलापूरच्या भवानी पेठेत आमची कीर्तने होती. ही पेठ यंत्रमागांची. आमचे निरूपण आणि मागांचा खडखडाट ह्यांची तेथे नित्य चढाओढ चालावयाची. परंतु त्या प्रातःकाळी सारी पेठ निःशब्द होती. माग थांबलेले, धोटे पुसून पाटावर मांडलेले, यंत्रांना झेंडूच्या माळा, आणि घरोघरी बतुकम्माची कोमेजू लागलेली फुले.

यजमानांचे पेठेतच लोखंडी सामानाचे जुने दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, पहारी, टिकाव, घमेली ह्यांच्या पसाऱ्यात त्यांनी तराजू व वजने पूजेस मांडली होती. शेजारी एक गंजलेला लोखंडी नांगर भिंतीस टेकून उभा होता. घरातील वृद्ध आई म्हणाल्या, "महाराज, ह्यालाही गंध लावा. सासऱ्यांच्या वेळेपासून हा पूजेत आहे. विकायचा नाही म्हणून सांगून गेलेत." नांगरावर ओतीव अक्षरे होती. गंज खरवडल्यावर 'किर्लोस्कर' एवढे वाचता आले.

त्या रात्री उत्तररंगास आम्ही रामरावणयुद्ध लावावयाचे ठरविले होते. ते बाजूस ठेवून ह्या नांगराचेच आख्यान लावले. वाचकांसही तेच सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाकुंतल मराठी रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही ह्याच गावचे. संस्कृताच्या विद्यार्थ्याने ह्या गावास दुरून का होईना, नमस्कार करावा असे आम्हांस वाटते! लक्ष्मणराव चित्रकला शिकावयास मुंबईस गेले. परंतु काही रंग त्यांच्या दृष्टीस ओळखू येत ना. तेव्हा त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रे धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून त्यांनी बेळगाव गाठले. वडील बंधू रामुअण्णा ह्यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले होते. ह्या उद्योगाचा आरंभ 1888 पासून मानतात. सायकली विकाव्या, दुरुस्त कराव्या, चालवावयासही शिकवावे, असा तो व्याप. त्यातून लहानसा कारखाना उभा राहिला, कडबा कापण्याचे यंत्र निघाले, आणि मग लोखंडी नांगर.

येथे कथेस खरा पेच पडतो. नांगर तयार झाला, परंतु घेणारा कोणी नाही. लोखंडाने काळ्या आईस विष चढेल, पीक जळेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. ही समजूत अडाण्यांचीच होती असे कोणी मानू नये. आमचे आजोबा पंढरपुरात पुराण सांगत. भीमेकाठी त्यांचे पाच एकरांचे काळे रान होते. "भूमातेच्या उदरी लोखंड घालणे हे मातेवर शस्त्र उचलणे होय," असे ते व्यासपीठावरून सांगत आणि ऐकणारे माना डोलवीत. शेजारच्या रानात लोखंडी नांगराने खोल नांगरट झाली. हरळीची आणि कुंद्याची मुळे वर येऊन उन्हात वाळली. आमच्या रानात लाकडी नांगर वरवरची माती हलवीत राहिला. हरळी बांध ओलांडून आत आली आणि हातरुंद जागाही मोकळी राहिली नाही. पीक उतरले, कर्ज चढले, रान गहाण पडले, आणि ते पुन्हा घरी आले नाही. हे सारे वडिलांनी आम्हांस सांगितले. आजोबांनी त्याचा उच्चार कधी केला नाही.

वास्तविक ह्या समजुतीस शास्त्राचा आधार कोठे आहे? आम्ही आयुष्यभर पोथ्या चाळल्या. ऋग्वेदातील क्षेत्रपतीच्या सूक्तात फाळाने भूमी सुखाने नांगरली जावो अशी प्रार्थना आहे. कृषिपराशर नामक ग्रंथात ईषा, युग अशी नांगराची आठ अंगे नावांनिशी सांगितली आहेत. बलरामाचे तर आयुधच नांगर. म्हणून तो हलायुध. आणि पोथी बाजूस ठेवली तरी डोळ्यांपुढची गोष्ट आहेच: लाकडी नांगराच्या टोकास गावचा लोहार जो फाळ बसवी, तो कशाचा असे? लोखंडाचाच! पिढ्यान्‌पिढ्या लोखंडच भूमीत शिरत होते. विटाळ होता तो केवळ नव्याचा. आजोबा व्युत्पन्न होते, फाळ हा शब्द त्यांनी शेकडो वेळा उच्चारला असेल. तरी ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली नाही, ह्याचे आम्हांस आजही शल्य वाटते.

असो. लक्ष्मणरावांचा नांगर चालू लागला तो वाद घालून नव्हे, तर ज्यांनी वापरला त्यांचे रान पाहून. तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. अशा वेळी देवीच धावून आली असे आम्ही म्हटले तर कीर्तनकाराचा अलंकार समजू नये. औंधच्या यमाईपुढील सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे आले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांना त्यांची अडचण कळली. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. 1910 साली तेथे वसाहत सुरू झाली; तीच किर्लोस्करवाडी. जमीन कसली, निवडुंगाचे आणि सापांचे रान! ते साफ करून तेथे भट्टी पेटली, घरे उठली, फुलझाडे लागली. रामुअण्णांनी व्यवस्था पाहिली, शंभुराव जांभेकर यंत्रांत रमले, मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळले. तुरुंगवास भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी राखणीचे काम दिले. शिवाशिव त्यांनी वाडीच्या वेशीबाहेरच ठेवली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, असे सांगितले जाते. शस्त्रपूजेच्या दिवशी ही कथा सांगताना त्या रात्री मंडपात कोणी हलले नाही.

जानेवारी 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. पुढे तेच 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि 1930 मध्ये 'स्त्री', 1934 मध्ये 'मनोहर' ही भावंडे आली. ह्या मासिकाने रूढींवर आणि कर्मकांडावर कडक टीका केली. ती सारीच आम्हांस मानवते असे नाही. देवपूजेचे मोल लोखंडाच्या तागडीत तोलता येत नाही. परंतु आजोबांनी ते मासिक एकदा तरी उघडून पाहिले असते तर बरे झाले असते, असेही मनात आल्यावाचून राहत नाही.

नांगरामागून पंप आला. ज्येष्ठ पुत्र शांतनुराव अमेरिकेतील एम. आय. टी. मधून यंत्रशास्त्र शिकून 1926 साली परतले. सोलापूरकरांना अगत्याने सांगावयाची गोष्ट ही, की त्यांचा जन्म 28 मे 1903 रोजी ह्याच सोलापुरात झाला. हे ऐकताच मंडपात टाळ्या पडल्या. कीर्तनात टाळ्या आम्हांस रुचत नाहीत, त्या दिवशी रुचल्या. 1941 साली हरिहरला यंत्रे करणारा कारखाना, 1946 साली पुण्यास तेलाची इंजिने, बंगळूरास विजेची मोटार, असा हा वंशवृक्ष फोफावला. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडी होरपळली. कारखाना पुन्हा उभा केला गेला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव निवर्तले. 1965 मध्ये शांतनुरावांना पद्मभूषण मिळाले. 1994 मध्ये तेही गेले. अलीकडे घरातील वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. सोलापूरजवळ आज ह्या घराण्याची ढाळशाळा आहे, तेथे यंत्रांचे ओतीव भाग निघतात.

आरती झाल्यावर यजमानांच्या आई पुन्हा पुढे आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी तो नांगर कोणा शेतकऱ्याकडून मोडीत घेतला होता. त्याने रान विकले होते, आणि नांगर देताना तो नांगराच्या पाया पडला होता. सासऱ्यांना तो भट्टीत धाडवेना, म्हणून राहिला.

कोणत्या गावचा शेतकरी, असे आम्ही विचारले. आईंना ते ठाऊक नव्हते. त्यांनी आमच्या हाती गंधाची वाटी दिली. सकाळचे गंध मुठीवर वाळून गेले होते. आम्ही खाली बसलो आणि ह्या वेळी फाळास लावले.