सुगीची राखण

धार जिल्ह्यातल्या तिरल्याकडे आश्विनात सोयाबीन निघते. दिवसभर राबलेले घर रात्री गाढ झोपते. खळ्यावरचा ढीग आणि विहिरीवरची केबल मात्र उघड्यावर राहते. म्हणून पाळीपाळीने राखण हवीच. मध्य प्रदेशात ग्रामरक्षा समितीचा कायदा १९९९ सालापासून आहे. कोटवार तर त्याहून जुना. राखणीला जाणाऱ्यांची नावे कोटवाराला व ठाण्यात कळवलेली बरी. दोघे-तिघे असावेत, हाती बॅटरी व शिट्टी.

पण राखणदार म्हणजे न्यायाधीश नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये याच जिल्ह्यात, मनावर तालुक्यातल्या बोरलाईत, मुले पळवणारे आल्याच्या अफवेने जमावाने बाहेरगावच्या शेतकऱ्यांना मारले. एक जण प्राणास मुकला. मजुरांना दिलेली उचल परत मागायला आले होते बिचारे! अनोळखी माणसाचा संशय आला तर ११२ फिरवावा, अंगावर जाऊ नये.

चोरी झालीच तर खळे झाडू नये. पावलांचे, चाकांचे ठसे राहू द्यावेत. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, फिर्याद जवळच्या ठाण्यात देता येते. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. आणि किती पोती गेली, किंमत किती, हे आम्ही म्हणतो, लिहावेच; पाच हजार रुपयांच्या आतली चोरी आता सहसा दखलपात्र धरत नाहीत.