पडद्यावरील पायरी

‘चाकाची खुर्ची’ हे शब्द कोल्हापूरकरांस नवे नाहींत. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कंबरेखालील अंग लुळें पडलें असतांही नसीमा हुरजूक यांनीं १९८४ सालीं या नगरींत ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि आपल्या आत्मचरित्रास तेंच नांव दिलें. अपंगास दयेच्या शब्दांपेक्षां दाराशीं केलेला उतार अधिक उपयोगी पडतो, हा बोध त्यांच्या कार्यापासून सहज घेतां येतो.

परंतु आतां व्यवहाराचें दार मोबाइलच्या पडद्यावर आलें आहे. वीजबिल, परीक्षेचा अर्ज, बँकेचें खातें, सारें तेथेंच. तेथील पायरी डोळसांस दिसत नाहीं, म्हणून ती नाहींच असा आपला समज होतो.

अंध मनुष्य संगणक कानांनीं वापरतो. स्क्रीन रीडर पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखवितो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं आरंभिलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो व मराठीही वाचतो. मात्र मजकूर युनिकोडमध्यें हवा. जुन्या फाँटांतील मराठी त्याच्या तोंडीं निरर्थक होते. आणि चित्रांतील नक्षीदार अक्षरांपुढें आजचीं साधनेंही पुष्कळदां अडखळतात.

आम्लहल्ल्यांत ज्यांचे डोळे जळाले, त्यांस बँकेचें खातें उघडण्यासाठीं पापण्या लवविण्यास सांगण्यांत आलें! हें गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें, तेव्हां ३० एप्रिल २०२५ रोजीं न्यायालयानें डिजिटल सेवांचा लाभ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला.

न्यायालयानें आपलें काम केलें. घरचें काम आपलें आहे. लग्नामुंजीची पत्रिका हल्लीं चित्ररूपानें घरोघर जाते, आणि दृष्टि गेलेल्या आजोबांस ती दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागते. त्या चित्राखालीं नांवें, तिथि, वेळ व स्थळ चार ओळींत टंकून द्यावें. चलचित्र पाठवितांना ऐकूं न येणाऱ्यांसाठीं त्यांतील बोलणें लिहून द्यावें. आपल्या दुकानाचें वा संस्थेचें संकेतस्थळ करवून घेतांना, माऊसला हात न लावतां केवळ कळफलकावर सारा अर्ज भरतां येतो काय, हें आपण स्वतः बसून पाहावें.

यास पैसा फारसा लागत नाहीं. आठवण मात्र ठेवावी लागते. घरांतील वडीलमाणसास नातवाच्या मुंजीचा मुहूर्त दुसऱ्यास विचारावा लागूं नये, एवढी काळजी आमचे वाचक आजपासूनच घेतील अशी आम्हांस उमेद आहे.