जरा धुरजड

ऑकलंडमध्ये घर बदलायचं ठरलं की टेम्पो कुणी शोधत नाही. पेट्रोल पंपावर भाड्याचे ट्रेलर उभे असतात, त्यातला सहा फूट बाय चार फुटांचा एक घ्यायचा, आपल्या छोट्या एसयूव्हीच्या टो-बारला जोडायचा आणि निघायचं. इथेच वाढलेल्यांना हे लहानपणापासून सवयीचं. पुण्या-नाशकात गाडी शिकून आलेले आपण मात्र पहिल्या वेळी ट्रेलरकडे नुसते बघत राहतो.

पहिला प्रश्न वजनाचा. आपली गाडी किती ओढू शकते हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते आधी वाचा, कारण काही लहान हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांना ट्रेलर ओढायची परवानगीच नसते. पुस्तिकेत दोन आकडे दिसतील : ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी दुसरा, बराच कमी. भाड्याचा लहान ट्रेलर बहुधा बिनब्रेकचाच असतो, म्हणजे त्याला थांबवण्याचं सगळं काम आपल्या गाडीच्या ब्रेकवर येतं. न्यूझीलंडचा नियम असा, की गाडी आणि ट्रेलर मिळून ताशी 30 किलोमीटर वेगावरून 7 मीटरच्या आत थांबले पाहिजेत. टो-बारवरच्या पट्टीवरही एक मर्यादा कोरलेली असते. जो आकडा सर्वांत लहान, तो आपला. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरायचं. फर्निचर दिसायला मोठं पण हलकं असतं. फसवते ती बागेची माती. अर्धा घनमीटर ओली माती सहज सातशे किलोच्या आसपास भरते, आणि ट्रेलर तर अर्धाच भरलेला दिसतो!

वजन किती यापेक्षाही ते कुठे, हे महत्त्वाचं. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नसे. मागे जास्त माल पडला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. फारच पुढे भरला तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या माना मोडतात. म्हणून भरायची कशी? जरा धुरजड. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीमागच्या टो-बारवरच्या बॉलवर यायला हवा. अडीचशे किलोचा ट्रेलर आणि चारशे किलो सामान धरलं, तर बॉलवर 65 किलो. मोजायचं असेल तर घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर बॉलच्या उंचीइतका लाकडी ठोकळा, आणि त्यावर ट्रेलरचं तोंड टेकवा. फ्रिज, वॉशिंग मशीन, पुस्तकांची खोकी चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, गाद्या-उशा मागे.

पण 65च्या जागी 120 किलो टाकू नका. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तो तरफेसारखा पुढची चाकं उचलू बघतो. बॉल मागच्या आसापासून एक मीटरवर आणि दोन आसांमधलं अंतर 2.6 मीटर असेल, तर ते 65 किलो मागच्या चाकांवर 90 होतात आणि पुढून 25 किलो कमी करतात. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला ओल्या चढावर हे जाणवतं.

आता जोडणी. न्यूझीलंडमध्ये बॉल दोन मापांचे : 50 मिलिमीटर आणि पावणेदोन इंचांहून थोडा मोठा, 47.6 मिलिमीटरचा. फरक अडीच मिलिमीटरसुद्धा नाही, पण मोठ्या मापाचा कपलर, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाची वाटी, लहान बॉलवर बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात उडून सुटतो. माप बॉलच्या डोक्यावर कोरलेलं असतं, वाचा. कपलर अडकवल्यावर पुढचं लहान चाक फिरवून तोंड वर उचला. गाडीची मागची बाजूही वर आली तर जोडणी पक्की. मग ते चाक वर घेऊन घट्ट करा, साखळी शॅकलने टो-बारला लावा, दिव्यांचा प्लग जोडा आणि घरच्या कुणाला मागे उभं करून ब्रेकचा दिवा, इंडिकेटर तपासा. टायरची हवाही बघा.

रस्त्यावर ट्रेलरसह कमाल वेग 90, पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर. वळणावर ट्रेलर आतून येतो, म्हणून वळण मोठं घ्या. दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून सामान बांधलेले पट्टे ताणून बघा, ते हमखास सैल झालेले असतात.

खरी परीक्षा उतारावर. ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे हिल्स लागतात. नाव आपल्या मुंबईवरून थेट आलेलं नाही. 1860च्या दशकात वसाहतकरी घेऊन आलेल्या ‘बॉम्बे’ जहाजावरून आलं. तिथे उतरताना ट्रेलर मागून ढकलतो, त्यात शेजारून मोठा ट्रक गेला की शेपूट हलवू लागतो. वेग जास्त आणि भार मागे असेल, तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. अशा वेळी स्टीअरिंगने त्याला उत्तर द्यायला जाऊ नका, जोरात ब्रेकही मारू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टीअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. उतार सुरू व्हायच्या आधीच खालच्या गिअरमध्ये आलेलं बरं.

मागे घेणं अवघड वाटतं खरं. ट्रॅक्टरची उसाची ट्रॉली मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला मी इथे आल्यावर मनोमन नमस्कार केला. युक्ती सोपी आहे : हात स्टीअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलर त्या बाजूला जातो. ट्रेलर जितका आखूड तितका तो चटकन वळतो. कोन वाढू लागला की सावरत बसण्यापेक्षा पुढे जाऊन सरळ करा.

घरी पोचल्यावर उतरवताना मागचं सामान आधी काढा. घाईत ट्रेलर आधीच गाडीपासून सोडला आणि पुढची खोकी उतरवली, तर तो जागच्या जागी उलाळ होतो, आणि उरलेला फ्रिज मागे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतो.