ठासणीच्या बंदुकीचा चाप

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नागोठणे मागे पडले की कोलाडच्या अलीकडे रोहे तालुक्यातील खांब हे गाव लागते. भाताची खाचरे आणि त्यांच्या पाठीशी डोंगरातले रान, असा हा सारा मुलूख. अशा ठिकाणी दाण्यात आलेले पीक रानडुकरांपासून राखावयाचे तर घरात ठासणीची बंदूक असणे ही पूर्वी नवलाची गोष्ट नव्हती. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही परवान्यांच्या कलमात पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख केलेला आहे. पुढे मुले नोकरीनिमित्त मुंबईस गेली. घर गणपतीला आणि शिमग्याला तेवढे उघडू लागले. अशा घरात माळ्यावरची बंदूक खाली काढावी, तो तिचा चाप तुटलेला आढळावा, आणि ‘एवढासा लोखंडाचा तुकडा, घरीच बसवून टाकू’ असे कोणाच्या तरी मनात यावे, हे अगदी स्वाभाविक आहे.

चाप आणि घोडा या शब्दांचा बोलण्यात नेहमी घोटाळा होतो. बोटाने ओढावयाचा तो चाप. वर उगारलेला आणि केपावर आदळणारा तो घोडा. आघातासरशी पेटणाऱ्या रसायनाने बार उडविण्याच्या युक्तीचे पेटंट स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याने १८०७ साली घेतले, आणि तांब्याचे केप त्यानंतर प्रचारात आले. तत्पूर्वी जळता तोडा किंवा गारगोटीची ठिणगी हेच साधन होते. केप आले तरी दारू आणि गोळी नळीच्या तोंडातूनच ठासावी लागे. सत्तावन सालच्या काडतुसांची कथा शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीची ती काडतुसे दातांनी का फाडावी लागत, याचे उत्तर या ठासणीतच आहे. कागदाची पुडी फाडून तिच्यातील दारू आधी नळीत ओतावयाची आणि मागून गोळी गजाने दाबावयाची, असा तो क्रम होता.

आता चापाचे काम पाहावे. तो एक साधी तरफ आहे. दस्त्याच्या पोटात एका खिळीवर तो डोलतो. बोटाने मागे ओढला की त्याचे वरचे पाते एका खिटीस उचलते. घोड्याच्या आसावर आतल्या बाजूस एक पोलादी चकती असते आणि तिला दोन खाचा असतात. घोडा पुरा ओढला की खिटी एका खाचेत बसते. अर्धा ओढला की दुसऱ्या, अधिक खोल खाचेत. या अर्ध्या घोड्यावर चाप कितीही ओढला तरी बार उडता कामा नये. बंदूकवाल्याचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा जीव या एका खाचेवर अवलंबून असतो.

चाप बहुधा खिळीच्या भोकापाशी तुटतो, कारण तेथेच धातू सर्वांत कमी असतो. गंजाने ते काम सोपे होते. काळ्या दारूची राख हवेतील ओलावा ओढून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. बाहेरून चाप तुटलेला दिसतो तेव्हा आत खिटीचे टोक आणि खाचेची धारही पुष्कळदा झिजलेली असते. घरी कानस घेऊन बसलेला माणूस चाप घडवील, बसवीलही. पण पाते केसभर लांब राहिले तर ते खिटीस सदैव किंचित उचलून धरते. मग घोडा खाचेत बसल्यासारखा भासतो, आणि बंदूक भिंतीस टेकविताना सुटतो. म्हणून जाणता कारागीर नव्या चापाबरोबर खिटी, खाच आणि कमान ही सारी तपासतो, आणि पाते थोडथोडे घासून प्रत्येक वेळी दोन्ही खाचा पारखून पाहतो.

त्याहून मोठा धोका नळीत असतो. ठासणीची बंदूक मागून उघडून पाहता येत नाही, आणि वर्षानुवर्षे भरून ठेवलेला बार कोरडा राहिला असेल तर तो उडू शकतो. केप काढले म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा समज घातक होय. गज नळीत सोडून तो बाहेरून मोजलेल्या लांबीइतका तळापर्यंत जातो की नाही, हे जाणकार आधी पाहतो. गज अडला तर आत बार आहे असेच धरावयाचे, आणि तो काढण्याचे काम त्याच्यावरच सोपवावयाचे.

कायद्याची बाजू याहून थोडक्यात सांगता येते. शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमान्वये बंदूक बनविणे आणि विकणे यांच्या पंक्तीस दुरुस्ती करणेही बसते. तिचा धंदा करावयास वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगास किमान ७ वर्षांची कैद आहे. तेव्हा परवानाधारकाने आपली बंदूक परवान्यासह परवानेदार विक्रेत्याकडेच न्यावी. परवाना आजोबांच्या नावे होता आणि ते निवर्तले असतील, तर प्रश्न चापाचा उरतच नाही. बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अशा विक्रेत्याकडे जमा करावी लागते. तुटकी आहे म्हणून ती भिंतीवर शोभेस ठेवता येईल, अशी समजूत शहरातल्या घरांत आढळते. ४५ व्या कलमाची सूट मात्र दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे, आणि चाप तर दुरुस्त होतो.