मुंबई ते लंडन, व्हाया तिबिलिसी!

मुंबई-लंडन हवाई वाटेचा मध्य कुठे येतो? जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी, तिच्या थोडं दक्षिणेला! भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर मध्य तुर्कस्तान-सीरिया सीमेजवळ येतो. पण पृथ्वी गोल. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघाच. तो आपसूक उत्तरेकडे सरकतो. तीच सर्वांत जवळची वाट, साधारण ७,२०० किलोमीटरची. वैमानिकांच्या भाषेत सुमारे ३,९०० सागरी मैल, कारण जहाजांचं हे माप विमानांनीही उचललं.

जहाजांची वाट मात्र फार लांब. आफ्रिकेला वळसा घालून जवळजवळ २०,००० किलोमीटर! १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि त्यातले आठ हजारांच्या आसपास किलोमीटर वाचले. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’मधलं वेळापत्रक याच कालव्याच्या भरवशावर बेतलेलं आहे: लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३. सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून निघाली. त्यांनी मार्सेलिसला उडी मारली ती ८ जुलैला. आज लंडनहून मार्सेलिसला विमान दोन तासांच्या आत पोचतं.

मग आलं ८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून उडालं. कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत ते १० जूनला लंडनला उतरलं. स्वतंत्र भारताला एक वर्षही झालं नव्हतं आणि आपलं विमान युरोपात पोचलं होतं! हे आठवलं की आजही ऊर भरून येतो.

आता जाताना साडेनऊ-दहा तास, येताना साडेआठ-नऊ. हा फरक कशाचा? पृथ्वीच्या फिरण्याचा, असं पुष्कळांना वाटतं. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरं कारण म्हणजे दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे जेट वारे. कधीकधी त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. लंडनहून निघालं की ते पाठीशी, मुंबईहून निघालं की तोंडावर.

वाऱ्याइतकंच राजकारणही वाट बदलतं. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, आणि त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घेणं भाग पडलं. शहरं जागच्या जागी, पण तिकिटावरची वेळ वाढली.

सगळ्यात मजा घड्याळाची. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. जूनमध्ये दुपारी दीडला मुंबई सोडा, दहा तास उडा, लंडनला उतराल संध्याकाळी सातला, आणि तिथला सूर्यास्त नऊनंतर! अख्ख्या प्रवासात अंधार नाही. अशा दुपारच्या विमानात ऊन बहुतेक वाटभर डाव्या खिडक्यांवर येतं. झोपायचं असेल तर उजवीकडची सीट मागा.