फ्युएल सिस्टीमचं काम झालं, पण गाडी चालू होईना? जुन्या गाडीचा पहिला स्टार्ट असा घ्या



चॅनलवर आपण गॅरेजवाल्यांसाठी जॉब कार्ड, एस्टिमेट, उधारी वसुली अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय हाताच्या कामाचा आहे, पण नफा-तोटा त्यातच ठरतो. टाकी साफ केली, नळ्या बदलल्या, कार्बोरेटरला किट टाकलं, पंप नवा बसवला. संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार, आणि गाडी काही चालू होत नाही. किंवा चालू होते, गिऱ्हाईक खुशीत घेऊन जातं आणि तीन किलोमीटरवरून फोन येतो, "अहो, बंद पडली हो!"

अशा वेळी घाई होते, आणि पेट्रोलच्या कामात घाई म्हणजे आग. म्हणून पहिला स्टार्ट हे वेगळं काम समजा. त्याला वेळ द्या, आणि त्याचे पैसेही लावा.

उदाहरण मारुती ८०० चं घेतो, कारण १९८३ ते २०१४ इतकी वर्षं ही गाडी बनली आणि अजूनही तालुक्याच्या गावात घरोघरी दिसते. जुन्या मॉडेलला कार्बोरेटर, नंतरच्या मॉडेलला एमपीएफआय. दोन्ही प्रकार यातच समजतील.

आधी पेट्रोलचा रस्ता समजून घ्या

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून नळीने फिल्टरला येतं, तिथून मेकॅनिकल पंपाला (आपले जुने मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात) आणि मग कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये. जास्तीचं पेट्रोल रिटर्न नळीने टाकीत परत जातं. हा पंप इंजिन फिरलं तरच चालतो. त्यामुळे रिकाम्या लाइनवर नुसतं सेल्फ मारत बसलात तर पेट्रोल यायच्या आधी बॅटरी बसते.

एमपीएफआयला पंप विजेवर चालतो आणि टाकीच्या आत असतो. चावी ऑन केली की तो दोन-तीन सेकंद चालून लाइनमध्ये प्रेशर भरतो.

प्रेशरमधला फरक लक्षात ठेवा. कार्बोरेटरच्या पंपाचं प्रेशर पाव बारच्या आसपास, तर एमपीएफआयचं साधारण ३ बार, म्हणजे दहापटीहून जास्त. म्हणून कार्बोरेटरची साधी नळी एमपीएफआयला कधीही लावू नका. दुकानात नळी घेताना तिच्यावर छापलेलं वाचा. एसएई ३०आर७ ही कमी प्रेशरची, ३०आर९ ही इंजेक्शनच्या गाडीची. काहीच छापलेलं नसेल तर ती नळी घेऊ नका. मीटरमागे वाचलेले पैसे पुढे गाडी जाळू शकतात.

चावी फिरवायच्या आधी

१. गाडी मोकळ्या हवेत घ्या, पिटवर नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली खड्ड्यात साचते. शिवाय पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. तो ऑफिसात खुंटीला टांगलेला असून उपयोग नाही.

२. जुना काचेच्या बल्बचा हँड लॅम्प बाजूला ठेवा, एलईडीच वापरा. बल्ब हातातून पडून फुटला आणि खाली पेट्रोल असलं की संपलं.

३. प्रत्येक जोड हाताने तपासा. क्लिप नळीच्या टोकाला अगदी कडेवर नको, निपलच्या फुगवट्याच्या मागे बसली पाहिजे. फीड आणि रिटर्न नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना, ते पुन्हा पाहा. टाकी उतरवून बसवलेल्या गाडीत ही चूक फार होते. फिल्टरवरचा बाण इंजिनच्या दिशेला हवा.

४. डिपस्टिक काढा आणि वास घ्या. पंपाचा डायफ्रॅम फाटला असेल किंवा फ्लोटची सुई लीक असेल, तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची लेव्हल वाढलेली दिसते, ऑइल पातळ लागतं, पेट्रोलचा वास येतो. असं असेल तर आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच स्टार्ट. नाहीतर पेट्रोलचं काम करायला गेलात आणि इंजिनचं काम अंगावर आलं असं होईल.

५. टाकीत ताजं पेट्रोल टाका, निदान पाच ते सात लिटर. एमपीएफआयचा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, कोरडा चालवला तर नवा पंपही जळेल. जुनं काढलेलं पेट्रोल गाळून परत ओतू नका.

६. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सेल्फ जड फिरला तर प्रत्येक लक्षण चुकीचं दिसतं.

कार्बोरेटरच्या गाडीचा पहिला स्टार्ट

फ्लोट चेंबर रिकामं आहे, ते आधी भरा. मोठी सिरिंज घ्या, कार्बोरेटरला येणारी नळी काढा आणि त्या निपलमधून हळूहळू पेट्रोल सोडा. तीस-चाळीस मिली पुरे. काही कार्बोरेटरला बाजूला छोटी काच असते, तिच्यातून लेव्हल दिसते. नळी परत लावा, क्लिप आवळा, सांडलेलं पुसा आणि वास जाईपर्यंत थांबा. पुसलेलं फडकं बाहेर ठेवा, बॉनेटखाली विसरू नका.

आता चोक ओढा आणि सेल्फ मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. चेंबरमधल्या पेट्रोलवर इंजिन चालू होईल, तेवढ्यात पंप लाइन भरून घेईल.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. पहिली, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतत सेल्फ मारणं. इंजिनने बॅकफायर केलं तर ज्वाला थेट हातातल्या बाटलीपर्यंत येते. दुसरी, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणं. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो. शिकाऊ पोरं मोठ्यांचं बघून हे करतात, म्हणून हा नियम तुमच्या गॅरेजच्या भिंतीवर लिहून लावा.

एमपीएफआयचा पहिला स्टार्ट

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या बाजूने पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. आवाज बंद झाला की चावी ऑफ. असं चार-पाच वेळा करा. लाइनमधली हवा निघते, प्रेशर भरतं. या वेळी दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन फिल्टर, रेल आणि प्रत्येक जोड बघायचा. एक थेंब जरी दिसला तरी चावी ऑफ, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि जोड परत करा.

पंपाचा आवाजच येत नसेल तर पंप फेल म्हणून मोकळे होऊ नका. आधी फ्यूज, रिले आणि पंपाचं सॉकेट तपासा. टाकी बसवताना सॉकेट अर्धंच बसलं, हे नेहमीचं कारण आहे.

तरी चालू होईना? प्लग काढा

अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर एक प्लग काढा. तोच सांगेल.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये. आता मागून पुढे जा. कार्बोरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा, पंपाच्या पुढची नळी बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. धार ठोक्याने आली पाहिजे. आली तर दोष कार्बोरेटरमध्ये, म्हणजे सुई अडकली किंवा जेट चोकअप. नाही आली तर दोष पंपाच्या मागे. बहुतेक वेळा पंप चांगला असतो आणि मागची एखादी नळी हवा ओढत असते. ओढणाऱ्या बाजूच्या नळीला बारीक चीर असली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून ती चीर दिसत नाही.

प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय किंवा स्पार्क नाही. स्पार्क तपासायच्या आधी सांडलेलं पेट्रोल नाही ना ते बघा. स्पार्क ठीक असेल तर प्लग पुसून लावा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंपिंग करू नका, आणि सेल्फ मारा. जास्तीचं पेट्रोल निघून जाईल. परत ओला झाला तर फ्लोटची सुई बसत नाहीये. साफ केलेल्या टाकीतून आलेला गंजाचा एक कणसुद्धा तिला पुरतो.

चालू होते, पण पाच-दहा मिनिटांनी बंद पडते

गिऱ्हाईक वैतागतं ते इथे. टाकीचं झाकण उघडून बघा. "सुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी परत चालू झाली, तर टाकीचा व्हेंट बंद आहे. पेट्रोल उपसलं जातंय, पण त्या जागी हवा जात नाही. एका फुंकरीचं काम, पण ते सापडेपर्यंत लोक दोन पंप बदलतात.

दुसरं कारण फिल्टर. जुन्या टाकीतला गंज एका धुण्यात निघत नाही. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२२ मध्ये देशात १० टक्के मिश्रण झालं, २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. इथेनॉल जुना थर सोडवतं आणि पाणी ओढून घेतं. ऐंशी-नव्वदच्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, आतून सोलतं. म्हणून जुन्या गाडीची एक नळी फाटली तर सगळ्याच बदलायच्या. उरलेल्या तिच्याच वयाच्या आहेत.

टाकीला भोक असेल आणि रेडिएटरवाल्याकडे डाग द्यायला पाठवत असाल, तर एक सांगतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. गरम पाण्याने नीट धुऊन, वाफ पूर्ण काढल्याशिवाय तिला ज्योत लागता कामा नये. टाकी फार गंजली असेल तर बदला.

ट्रायल आणि ट्यूनिंग

इंजिन गरम होऊ द्या, चोक पूर्ण बंद करा, मगच स्लो स्पीड आणि मिक्स्चर सेट करा. थंड इंजिनवर केलेली सेटिंग टिकत नाही. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल गाडीला पीयूसीमध्ये आयडलिंगवर सीओ ३ टक्क्यांपर्यंत चालतो. तेवढ्यात बसवा.

मग दहा किलोमीटरची ट्रायल, त्यात एक चढ हवाच. आल्यावर गरम गाडी बंद करून पंधरा मिनिटं उभी करा आणि परत स्टार्ट घ्या. बॉनेट उघडून प्रत्येक जोड पुन्हा बघा. थंड असताना कोरडा दिसणारा जोड गरम झाल्यावर पाझरतो.

आता पैशाचं बोलू

समजा तुम्ही या कामाची मजुरी २,००० रुपये घेतली. गाडी रस्त्यात बंद पडली, टोइंगला १,००० गेले, तुमचा माणूस अर्धा दिवस तिकडे. हातात काय राहिलं? वर गिऱ्हाईक चार लोकांना सांगणार ते वेगळंच.

म्हणून एस्टिमेटमध्येच दोन ओळी वाढवा. एक, "पहिला स्टार्ट, लीक तपासणी आणि ट्रायल". दोन, "३०० किलोमीटरनंतर दुसरा फिल्टर आणि जोडांची तपासणी". दुसऱ्या फिल्टरचे पैसे आधीच घ्या आणि गिऱ्हाइकाला कारण सांगा. हे असं बोला:

"काका, टाकी आतून गंजली होती, ही बघा निघालेली माती. आम्ही धुतली आहे, पण थोडा गंज चालता चालता अजून निघेल. तो फिल्टरमध्ये अडकेल. म्हणून ३०० किलोमीटर झाले की या, फिल्टर बदलून देतो, त्याचे पैसे यातच धरलेत. तोपर्यंत लांबच्या प्रवासाला काढू नका. आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, फोन करा, मी माणूस पाठवतो."

काढलेल्या नळ्या आणि फिल्टर पिशवीत घालून द्या. फाटलेली नळी हातात घेतली की बिलावर घासाघीस कमी होते. जॉब कार्डवर नळीचा प्रकार, किलोमीटर आणि तारीख लिहा, गिऱ्हाइकाची सही घ्या.

आणि गिऱ्हाईक म्हणालं, "नळ्या राहू द्या, फक्त पंप बदला," तर? इतर कामात पर्याय देतो तसा इथे देऊ नका. तडकलेल्या नळीवर नवा पंप बसवून गाडी सोडायची नाही. एक काम हातचं गेलं तरी चालेल, कारण त्या गाडीत घरातली माणसं बसणार आहेत.

वरचे सहा मुद्दे आणि ट्रायलची यादी एका कागदावर लिहून टूलबॉक्सच्या झाकणावर चिकटवा. पुढची फ्युएलची गाडी येईल तेव्हा तुमच्या मिस्त्रीने त्यावर टिक करूनच चावी फिरवायची.