कल्याणहून खोडदला, तिथून फुटलेल्या ताऱ्याकडे

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये रेडिओ दुर्बीण उभारायची म्हटली, तर पहिलं भांडण जीन्स शिवणाऱ्या मशीनशीच होईल. मोटरमध्ये ठिणगी उडाली की रेडिओलहरी सुटतात. वर मोबाइल टॉवर आहेतच. या गोंगाटात आकाशाचं कोण ऐकणार? तरी भारतातल्या सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक शेजारच्या कल्याणला होती. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ तबकड्या, प्रत्येकी जेमतेम सहा फुटी, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये तिथे मांडल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याची निरीक्षणं सुरू केली.

पुढे याच स्वरूपांनी माळशेज घाटापलीकडे, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पट्ट्यात. ६१० मेगाहर्ट्झ इथेही आहेच, शिवाय त्याखालच्या लहरीही, आणि त्याच पुढे एका फुटलेल्या ताऱ्यासाठी कामी आल्या.

२८ मार्च १९९३ला एम८१ दीर्घिकेत, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर, एक तारा फुटलेला दिसला. त्याचं नाव एसएन १९९३जे. असा स्फोट, म्हणजे सुपरनोव्हा, झाला की ताऱ्याचे अवशेष सेकंदाला दहा-वीस हजार किलोमीटर वेगाने सुटतात आणि ताऱ्यानेच मरणापूर्वी सोडलेल्या वायूवर आदळतात. त्या धडकेत इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशवेगाला पोचतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओलहरी फेकतात. गंमत म्हणजे तो वायू सेकंदाला दहाएक किलोमीटरने निघालेला असतो. म्हणजे स्फोटानंतरच्या एका वर्षाच्या निरीक्षणात ताऱ्याच्या शेवटच्या हजारेक वर्षांचा इतिहास वाचता येतो!

कमी वारंवारतेच्या लहरी मात्र भोवतालचा वायू आणि ते इलेक्ट्रॉन सुरुवातीला गिळून टाकतात. त्या उशिरा बाहेर पडतात, आणि खोडदचं काम तिथे सुरू होतं. पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी स्फोटानंतर सुमारे ३२०० दिवसांनी केलेली जीएमआरटीची मोजणी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीच्या उच्च वारंवारतेच्या मोजणीला जोडली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वारंवारतेनुसार तीव्रतेचा आलेख सुमारे ४ गिगाहर्ट्झपाशी एकदम जास्त उतरता झालेला दिसला. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थकतात, त्याची ही खूण. तरुण सुपरनोव्हात ती प्रथमच सापडली होती. इलेक्ट्रॉन किती काळात किती थकले हे कळलं की चुंबकीय क्षेत्र काढता येतं. ते आलं सुमारे ०.३३ गाउस, साधारण पृथ्वीच्या पृष्ठभागावर असतं तेवढं.

एरवी अशा गणितात कणांची आणि चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा सारखीच धरून चालतात. सोयीचं गृहीतक, दुसरं काय. इथे चुंबकीय ऊर्जा कणांच्या निदान दोन हजार पट भरली.